आठवण येणे आणि आठवण ठेवणे

आईच्या हातच्या पिठल्याची आठवण येते. अडीनडीला मदत केलेल्या माणसाची आठवण ठेवावी लागते. पहिली आपसूक येते, बहुतेक वेळा पोटातून. दुसरीला कष्ट पडतात. बायबलमध्ये मिसर देशाच्या, म्हणजे इजिप्तच्या, या दोन्ही आठवणी आहेत, आणि त्या एकच समजून वाचलं की भलताच गोंधळ होतो.

बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात मिसरातल्या दास्यातून सुटून रानात आलेले इस्राएल लोक देवाने दिलेलं अन्न, मान्ना, खाऊन विटलेत आणि रडतायत. मिसरात मासे फुकट मिळायचे, शिवाय काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण! कांदा-लसणाशिवाय ज्यांचा घास उतरत नाही, त्यांनी तरी या लोकांना हसू नये. पण तो ‘फुकट’ शब्द बघा. निर्गम या आधीच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात यांचे नवजात मुलगे नदीत फेकायचा मिसरच्या राजाचा, फारोचा, हुकूम निघाला होता. पाचव्यात विटांसाठी पेंढा देणं बंद झालं, रोजच्या विटांचा आकडा मात्र तेवढाच राहिला. तो भरला नाही की त्यांच्यातल्याच मुकादमांना मार बसायचा. आठवणीने कांदे ठेवले आणि विटा गाळल्या. तसे ते खोटं बोलत नव्हते, मासे मिळतही असतील. आणि अशी आठवण कुठे नेते? पुढे गणनाच्याच 14 व्या अध्यायात लोक म्हणतात, नवा पुढारी नेमू आणि मिसरात परत जाऊ.

बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात या लोकांचा पुढारी मोशे याच मिसराची आठवण ठेवायला सांगतो. ‘तू दास होतास, परमेश्वराने तुला सोडवलं’ हे पुन्हा पुन्हा येतं, आणि बहुतेक वेळा त्याला एखादं काम जोडलेलं असतं. शब्बाथाचं, आठवड्यातल्या विश्रांतीच्या दिवसाचं, घ्या. निर्गम 20 मध्ये विश्रांतीचं कारण आहे सहा दिवसांत झालेली सृष्टी. अनुवाद 5 मध्ये आज्ञा तीच, कारण वेगळं: तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, कारण तूही दास होतास. दहा आज्ञांची सुरुवातही ‘मी तुला मिसरातून बाहेर आणलं’ अशीच आहे. म्हणजे नवस बोलायच्या आधीच देव पावलेला, आज्ञा त्यानंतर.

मला सगळ्यात आवडतो तो अनुवादाचा 24 वा अध्याय. पीक कापताना एखादी पेंढी शेतात विसरलीस, तर ती आणायला परत फिरू नकोस. परका, पोरका, विधवा यांच्यासाठी राहू दे. जैतुनाची झाडं एकदा झोडपलीस की फांद्या पुन्हा धुंडाळू नकोस. द्राक्षांचा सरवाही वेचू नकोस. का? तर तू मिसरात दास होतास. मिसर विसरायचा नाही, म्हणून पेंढी विसरायची! सरवा वेचून ज्याचं घर चालतं, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आठवणीची खूण जपणं हे आणखी तिसरंच. इस्राएल लोकांनी यार्देन नदी ओलांडल्यावर तिच्यातले 12 दगड गिलगाल या ठिकाणी उभे केले, ते मुलांनी ‘हे दगड कसले?’ असं विचारावं म्हणून. उलट सर्पदंशातून वाचवणारा मोशेचा पितळी साप पुढे लोकांनी धूप जाळून पुजायलाच घेतला. शेवटी हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. खूण राहिली होती, विचारणारं पोर राहिलं नव्हतं.

वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या सणाच्या, रात्री ज्यू घरांत तो प्रश्न अजून विचारला जातो. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी त्या रात्रीचा ग्रंथ, हग्गादा, मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत छापला गेला, 1874 मध्ये पुण्यात. ताटात बेखमीर भाकर असते, कडू भाजी असते. विटांच्या चिखलगाऱ्याची आठवण म्हणून हारोसेत नावाचा गोड लगदाही असतो, बेने इस्राएल घरांत खजुराचा. घरातलं लहान मूल विचारतं, आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? उत्तराचं हिब्रू क्रियापद प्रथमपुरुषी अनेकवचनी आहे. आपले पूर्वज दास होते असं बाप सांगत नाही. तो म्हणतो, फारोचे दास होतो आपण, मिसरात. आणि मग कडू भाजी त्या पोरालाही खावी लागते.