हिमगाभा संशोधन (गोवा)

बर्फाच्या थरांत पोकळ गिरमीट उतरवून काढलेल्या दंडगोलाला हिमगाभा किंवा आइस कोअर म्हणतात. दरवर्षी पडणारे हिम वरच्या भाराने दबत जाते, आधी दाणेदार आणि मग घट्ट होते. दाण्यांमधली हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. अंटार्क्टिकातील डोम सी येथे ३ किमी.हून खोल गेलेल्या गाभ्यात ८ लाख वर्षांपर्यंतची हवा मिळाली. हिमयुगात कार्बन डाय-ऑक्साइड दशलक्ष भागांत १८० च्या आसपास उतरे, उबदार काळात २८० पर्यंत चढे, हे अशा गाभ्यांतून कळले. आज तो ४२० च्या पुढे आहे.

भारतात या कामाचे मुख्य ठिकाण वास्कोजवळच्या हेडलँड सड्यावर आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. बर्फ कधी न पाहिलेल्या या मुलखात हे केंद्र येण्यामागे बंदराचा मोठा वाटा. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक सय्यद जहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातूनच बोटीने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिकडे पोचली. पुढे १९९८ मध्ये सड्यावर स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिचे आजचे नाव राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र.

अंटार्क्टिकाच्या ड्रॉनिंग मॉड लँड भागातून आणलेले गाभे येथे उणे २० अंश सेल्सिअसच्या कोठीत ठेवतात. बाहेर घामाने सदरा अंगाला चिकटलेला असतो आणि आत पिसांचा कोट घालून काम करावे लागते. गाभा पट्टीच्या करवतीने कापतात. त्याला गिरमिटाचा आणि हातांचा संसर्ग झालेला असतो, म्हणून बाहेरचा थर तासून टाकतात आणि आतला स्वच्छ भागच वितळवून तपासतात. ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंच्या प्रमाणावरून तेव्हाचे तापमान काढतात. सल्फेट अचानक वाढले असेल, तर त्या सुमारास ज्वालामुखीचा उद्रेक झालेला असू शकतो. इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ चा उद्रेक थरांचे वर्ष ठरवायला खुणेच्या दगडासारखा उपयोगी पडतो. अशा कोठीला वीज अखंड लागते, आणि पावसाळ्यात गोव्यात विजेचा काय खेळ चालतो हे येथल्या वाचकाला सांगायला नको.

याच संस्थेचे दुसरे काम हिमालयात चालते. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते, ती टाळावी. हिमालयातल्या बहुतेक हिमनद्यांवर उन्हाळ्यात वितळलेले पाणी खालच्या थरांत झिरपते आणि वर्षावर्षांची नोंद पुसट करते. त्यामुळे अतिप्राचीन हवामानाच्या शोधात तिथे फारसे हाती लागत नाही. तिथला प्रश्न यंदाचा असतो : हिम किती पडले, बर्फ किती गेला. त्यासाठी हिमाचल प्रदेशात ४,००० मी.हून अधिक उंचीवर ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘हिमांश’ हे केंद्र सुरू झाले. सुतरी ढाका, बातल, समुद्र टापू या चंद्रा नदीच्या खोऱ्यातील हिमनद्यांवर संशोधक काम करतात. ही चंद्रा तांदी येथे भागेला मिळते आणि चंद्रभागा होते. आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या गोव्यातल्या वारकऱ्याला नाव ओळखीचे वाटेल, पण ही चंद्रभागा म्हणजे चिनाब. पंढरपूरची ती भीमा.

बातलच्या खालच्या भागावर दगडगोट्यांचा जाड थर आहे, सुतरी ढाका त्या मानाने बरीच उघडी. दगडमातीचा पातळ थर ऊन शोषून बर्फ लवकर वितळवतो. तोच जाड झाला की गोधडीसारखा बर्फ झाकून ठेवतो. म्हणून शेजारच्या दोन हिमनद्याही एकाच उन्हाळ्यात वेगवेगळ्या गतीने झिजतात.

मोजणीचे साधन मात्र अगदी आपल्या परसातले : बांबू. वाफेच्या गिरमिटाने बर्फात भोक पाडून त्यात बांबू उभा करतात. उन्हाळा संपताना तो जितका उघडा पडेल तितका बर्फ तिथून गेला. ही उंची बर्फाच्या घनतेने गुणून पाण्यात मांडतात, कारण खाली नदीला पाणीच मिळायचे असते. एखादा बांबू तळापर्यंत उघडा पडून आडवा झालेला सापडला, तर आकडा हातचा जातो. झीज त्याच्या पुरलेल्या लांबीपेक्षा कमी नव्हती, एवढेच वहीत लिहिता येते.