शार्क व पाकट यांची समूहवृत्ती

शार्क (मुशी, मोरी) आणि पाकट (वागळी) या उपास्थिमीनांची (हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांची) विशिष्ट ठिकाणी, ऋतूत किंवा वयात एकत्र राहण्याची प्रवृत्ती. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागाला समुद्रकिनारा नाही. मालवण, वेंगुर्ले व गोव्याहून घाट चढून आलेली मोरी इथल्या मराठी घरांना कालवणापुरती परिचित आहे.

एका जागी जमलेल्या शार्कना समूह म्हणावे की नुसता जमाव, हा या विषयातील मुख्य वाद. उबदार पाणी, मुबलक खाद्य किंवा निवारा यांच्या ओढीने प्राणी एकत्र आले, तर तो जमाव. एकमेकांची सोबत हेच कारण असेल, तर तो समूह. कॅलिफोर्नियात ला होयाच्या उथळ, उबदार पाण्यात गाभण बिबट्या शार्क माद्या गोळा होतात, ते बहुधा पहिल्या प्रकारात मोडते. गुजरातच्या किनाऱ्याजवळ दिसणाऱ्या व्हेल शार्कबाबतही खाद्याचे कारण अधिक संभवनीय वाटते.

लिंग व आकारमानानुसार शार्क वेगवेगळे राहतात, हे शार्क-अभ्यासक स्ट्यूअर्ट स्प्रिंगर यांनी 1967 मध्ये विस्ताराने मांडले. त्यामागचा पुरावा बराचसा मासेमारीतून आलेला असल्याने तो जपून वाचावा लागतो. जाळ्याचा आस (छिद्राचा आकार) ठरावीक आकाराचेच मासे अडवतो. त्यामुळे सारख्या लांबीची मोरी एकत्र मिळाली, एवढ्यावरून कळप सिद्ध होत नाही. लिंगाचे तसे नाही. नराच्या श्रोणिपक्षांच्या (पोटाखालच्या मागील परांच्या) आतल्या कडेला बोटांसारखे दोन आलिंगक, म्हणजे समागमाचे अवयव असतात, मादीला ते नसतात. सारख्याच लांबीच्या मोरींत एकाही माशाला आलिंगक नसतील, तर तो भेद जाळ्याने केला असे म्हणता येत नाही. मात्र ही पाहणी बंदरावर, एकाच होडीचा माल उतरताना व्हायला हवी. बेळगावपर्यंत येणारा माल वाटेत निवडला व मिसळला गेलेला असतो.

कानमुशींवरील (हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कवरील) अभ्यास सर्वांत सखोल आहे. शास्त्रज्ञ पीटर क्लिमली यांनी 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या आखातातील समुद्राखालच्या डोंगरांभोवती त्यांचे मोठे थवे पाहिले. थव्यांत माद्या जास्त होत्या. दिवसा त्या एकत्र फिरत आणि रात्री खाद्यासाठी पांगत. शत्रूपासून संरक्षण हे स्पष्टीकरण एवढ्या मोठ्या माशांना नीट लागू पडत नाही. दिवसा त्या शिकारही करत नसत. मोठ्या माद्या मध्यभागासाठी लहान माद्यांना हुसकावत, यावरून थव्याचा संबंध समागमाशी जोडणारे मत अधिक पटण्याजोगे आहे.

ओळखीच्या सोबत्याची निवड हा यापुढचा टप्पा. बहामातील बिमिनी येथे लेमन शार्कची पिल्ले परक्यांपेक्षा परिचितांजवळ अधिक राहतात, असे प्रयोगांत आढळले. पॅसिफिकमधील पामिरा प्रवाळद्वीपावर राखी शार्कचे काही सोबती चार वर्षांपर्यंत टिकून होते; हे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. एकत्र शिकारीपेक्षा, शेजाऱ्याला खाद्य सापडले की आपल्यालाही ते कळते, हे त्याचे कारण मानणे सध्या योग्य ठरेल.

पाकटांमध्ये गायनाक्या पाकटाचे थवे प्रसिद्ध आहेत. मन्नारच्या आखातातील थव्यांची नोंद 1962 मध्ये झाली. मालदीवच्या हानिफारू उपसागरात मांटा पाकट प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खाताना एकामागून एक वर्तुळात फिरतात.

ही वृत्ती मासेमारीत घातक ठरते. जाळ्याच्या एका ओढीत माद्यांचा अख्खा थवा सापडू शकतो. शार्क उशिरा प्रौढ होतात आणि त्यांची पिल्लेही थोडी असतात, त्यामुळे असे नुकसान भरून यायला फार काळ लागतो. व्हेल शार्कला भारतात 2001 पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. कानमुशींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणण्याचा निर्णय 2013 मध्ये झाला. केवळ एकेका माशाची लांबी व वजन मोजून थव्याची हानी कळत नाही. बंदरावरच्या नोंदीत प्रत्येक ओढीतील नर-माद्या व गाभण माद्या वेगळ्या लिहिणे त्यासाठी अत्यावश्यक आहे.