समुद्री समपादाच्या नव्या जातीचे वर्णन

आयसोपोडा अर्थात समपाद गणातला एखादा समुद्री प्राणी आजवर ज्ञात असलेल्या सर्व जातींहून वेगळा आहे, हे पुराव्यानिशी दाखवून त्याला शास्त्रीय नाव देण्याची प्रक्रिया. प्राणी सापडणे हा या कामाचा लहानसा भाग. खरी मेहनत असते ती आधी वर्णिलेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी त्याची तुलना करण्यात, आणि ही तुलना पुष्कळदा संग्रहालयात वर्षानुवर्षे पडून असलेल्या बाटल्यांपासून सुरू होते.

समपाद हे कोळंबी-खेकड्यांचे कवचधारी भाईबंद, पण त्यांच्या पाठीवर खेकड्यासारखी अखंड ढाल नसते. बहुतेकांचे शरीर चपटे असते. वक्षाचे सात खंड आणि चालण्याच्या पायांच्या सात जोड्या दिसतात. उदराखाली पोहण्यासाठी व श्वसनासाठी प्लवपादांच्या पाच जोड्या असतात. ओल्या कुंडीखाली दिसणारे आणि हात लागताच अंगाची गोळी करणारे राखाडी जीव याच गणातले. गणात 10,000 हून अधिक जाती वर्णिल्या गेल्या असून त्यांतल्या निम्म्याच्या आसपास समुद्रात राहतात. मादी अंडी पोटाखालच्या शिशुधानीत, म्हणजे पिशवीत, वाढवते. तिथून बाहेर पडणाऱ्या पिल्लांना पायांची सातवी जोडी अजून फुटलेली नसते. त्यामुळे सहाच जोड्या असलेला नमुना हाती आला, तर तो पिल्लू आहे का हे आधी पाहावे लागते.

प्रवाळखडकांतले लहान समपाद फार तर काही मिलिमीटर लांब असतात आणि मेलेल्या प्रवाळाच्या भेगांत दडून बसतात. ते तुकडे बादलीत घेऊन समुद्राच्या पाण्यात थोडे फॉर्मॅलिन मिसळले, की जीव भेगांतून बाहेर येतात; मग पाणी बारीक चाळणीतून गाळतात. मेलेले मासे खाणाऱ्या जाती आमिष लावलेल्या सापळ्यात येतात, तर काही रात्री दिव्याच्या सापळ्याकडे ओढल्या जातात. नमुने अल्कोहोलमध्ये ठेवले जातात. पुढे डीएनए तपासायचा असेल तर फॉर्मॅलिन टाळणेच योग्य.

यानंतर टेबलावरचे काम. सूक्ष्मदर्शकाखाली शृंगिका (डोक्यावरच्या मिशा), जंभ (जबडे), इतर मुखांगे, पाय आणि प्लवपाद बारीक सुईने एकेक सोडवतात. हे सहसा एकाच बाजूचे काढतात, म्हणजे दुसरी बाजू शाबूत राहते. प्रत्येक अवयवाचे रेखाचित्र होते आणि त्यात काटे व दृढरोम (ताठ केस) ही मोजून दाखवतात. नराच्या दुसऱ्या प्लवपादावरचा दांड्यासारखा उपांग, पुच्छखंडाची कड, कपाळावरच्या पट्टीचा आकार अशा खुणांवर जातीचा निर्णय ठरतो. छायाचित्रे आता उत्तम निघतात, तरीही या कामात रेखाचित्राला पर्याय नाही असे माझे मत आहे. चित्र काढणाऱ्याला प्रत्येक रोम कुठून उगवतो याचा निर्णय घ्यावाच लागतो आणि वाचणाऱ्याला तो तपासता येतो.

नाव आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार दिले जाते. 1999 नंतर प्रसिद्ध झालेल्या नावाबरोबर जात नवी असल्याचे स्पष्ट लिहावे लागते आणि ते नाव ज्या नमुन्याला बांधलेले आहे तो ठरवून द्यावा लागतो. असा एकच नमुना निवडला, तर त्याला होलोटाइप म्हणतात. तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हेही सांगावे लागते. उद्या कुणाला शंका आली तर त्याला तीच बाटली उघडून पाहता आली पाहिजे.

सिरोलाना मर्क्युरी हे याचे चांगले उदाहरण. समपादांचे अभ्यासक नील ब्रूस यांनी झांझिबारच्या प्रवाळखडकांतल्या या जातीचे वर्णन 2004 मध्ये केले. सिरोलाना ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) जुनी आणि जातींनी गजबजलेली, त्यामुळे तिच्यात नवी भर घालताना तुलनेचा पसारा मोठा होतो. जातीला नाव मिळाले ते झांझिबारमध्ये 1946 साली पारशी कुटुंबात जन्मलेल्या फारूख बलसारा यांचे, म्हणजेच गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे. त्यांचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले होते.

कॅरिबियन समुद्रातल्या नॅथिया मार्लेयी या जातीचे वर्णन 2012 मध्ये झाले. तिचे नाव गायक बॉब मार्ली यांच्यावरून आहे. नॅथिया प्रजातीची पिल्ले माशांचे रक्त पितात, प्रौढ मात्र काहीच खात नाहीत. नर, मादी आणि पिल्लू दिसायला इतके वेगळे, की ते एकाच जातीचे आहेत हे ओळखणे अवघड जाते. ओळख मुख्यतः प्रौढ नराच्या मोठ्या जंभांवरून पटते. म्हणून पिल्लांना माशांवर पोसून प्रौढ होईपर्यंत वाढवणे हाही वर्णनाचा भाग ठरतो. अलीकडे डीएनएच्या तुलनेने ही जोडणी सोपी झाली आहे.

एकदा प्रसिद्ध झालेले वर्णन पुढे पुन्हा तपासले जाते. भारताच्या किनाऱ्यांवर बांगड्याच्या कल्ल्यांत चिकटलेला आढळणारा नोरिलेका इंडिका हा परजीवी समपाद मिल्न-एडवर्ड्स यांनी 1840 मध्ये वेगळ्या प्रजातीत वर्णिला होता. नोरिलेका ही प्रजाती ब्रूस यांनी 1990 मध्ये स्थापन केली आणि ही जात तिच्यात आली. इंडिका हे जातीचे नाव कायम राहिले. प्रजाती बदलल्याची खूण म्हणून मूळ लेखकाचे नाव आणि वर्ष आता कंसात लिहितात.