झाडावरचा पाला आणि शेळीचा चारा

अंजन या झाडाच्या खोडाच्या घेरावरून पाल्याचं वजन काढायचं आणि त्याला थेट शेळ्यांच्या संख्येने भागायचं, ही चूक मी इतक्या अहवालांत पाहिली आहे की तक्ता उघडायच्या आधीच तिचा वास येतो. पाल्याचा अंदाज आणि चाऱ्याचा अंदाज ही दोन वेगळी कामं आहेत.

पहिलं काम तुम्हाला येतंच. थोड्या झाडांचा सगळा पाला उतरवायचा, वाळवायचा, तोलायचा, खोडाच्या जाडीशी त्याचं समीकरण बसवायचं. मग बाकीच्या झाडांना छातीच्या उंचीवर, आपल्याकडे 1.37 मीटरवर, नुसता टेप लावायचा. समीकरण व्यासाचं असेल तर त्यात घेर घालू नका, एवढंच. घातांक 2 असेल, म्हणजे व्यासाचा वर्ग घेतलेला असेल, तर उत्तर जवळजवळ दहापट फुगतं. आणि वजन ओलं की वाळलं, ते लिहा.

आता खरी गल्लत. समजा, धुळे-नंदुरबारकडच्या एखाद्या चराऊ रानात हेक्टरी 40 अंजन आहेत आणि समीकरण झाडामागे 10 किलो वाळला पाला सांगतं. झाले 400 किलो. तीस किलोच्या शेळीला दिवसाला साधारण एक किलो शुष्क चारा लागतो. लगेच अहवालात ओळ पडते: 40 शेळ्यांची दहा दिवसांची सोय.

त्या झाडाखाली जाऊन उभे राहा. शेळी मागच्या पायांवर उभी राहते, पुढचे खूर खोडाला टेकवते, मान ताणते आणि ओठांनी डहाळी खाली ओढते. दीड-दोन मीटरच्या आसपास तिची धाव संपते. त्याच्या वर झाड हिरवंगार असलं तरी तो पाला तिच्यासाठी आभाळात आहे. जुन्या चराऊ रानात या उंचीवर कात्रीने कापल्यासारखी सपाट रेघ दिसते. समजा, 400 किलोंपैकी त्या रेघेखाली 20 किलोच आहेत. मग चाळीस शेळ्यांचा जेमतेम अर्धा दिवस निघतो.

हे कळलेली मंडळी मग दुसऱ्या टोकाला जातात. रेघेखालचा पाला मोजतात, तो जवळपास शून्य भरतो, आणि ‘या झाडांपासून चारा मिळत नाही’ असं लिहून मोकळे होतात. अहो, तो शून्य आहे कारण रोज खाल्ला जातो! रिकामं ताट बघून जेवणच झालं नाही म्हणण्यातला हा प्रकार. आज फांदीवर काय उरलंय आणि हंगामभरात तिथे काय फुटलं, हे वेगळं मोजावं लागतं. त्यासाठी खालच्या काही फांद्या पालवीच्या आधी जाळीने झाकायच्या आणि शेजारच्या उघड्या फांद्यांशी ताडून बघायच्या. अंजनाला एप्रिलच्या सुमारास नवी पालवी येते, म्हणजे जाळ्या मार्चमध्ये बांधलेल्या हव्यात. जूनमध्ये जाळ्या घेऊन निघणारेही मी पाहिलेत. झाकलेली फांदी खुडलेल्या फांदीसारखीच वाढते असंही नाही, तेव्हा या आकड्याला अंदाजच म्हणा.

ही रेघ एकटी शेळीच ठरवते असंही नाही. राखणाऱ्याच्या हातात आकडी असते. लांब काठीला विळा बांधला की वरचे डहाळे खाली येतात आणि आभाळातला पाला चारा होतो. पण वर्षानुवर्षं डहाळे काढलेल्या झाडाचं खोड जाडच राहतं, वरचा विस्तार मात्र झाडूएवढा. न तोडलेल्या झाडांवर बसवलेलं समीकरण अशा झाडाला लावलं की नसलेला पाला हिशोबात येतो. पानांना पाणी पोचवतं ते खोडाच्या बाहेरच्या अंगाचं जिवंत लाकूड, आतलं जुनं लाकूड नाही. त्यामुळे तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला टेप लावण्यापेक्षा पानं असलेल्या फांद्यांची जाडी मोजलेली बरी.

मला स्वतःला याहून साधी रीत आवडते. 1979 साली ऑस्ट्रेलियात झुडपांसाठी मांडलेली ही पद्धत ॲडलेड पद्धत म्हणून ओळखली जाते. त्याच जातीची एक नमुन्याची डहाळी तोडून हातात धरायची आणि समोरच्या झाडावर अशा किती डहाळ्या बसतील ते मोजायचं. नंतर हातातल्या डहाळीचा पाला काढून, वाळवून तोलायचा आणि गुणाकार करायचा. मोजणी शेळीच्या तोंडापर्यंत वेगळी, आकडीच्या टोकापर्यंत वेगळी. डोळा बसायला एक सकाळ पुरते, पण प्रत्येकाचा डोळा वेगळा, म्हणून मोजणारा मध्येच बदलू नका.

बाभूळ आणि हिवर असतील तर शेंगांचा वेगळा रकाना हवाच. ऐन उन्हाळ्यात आकडीने बाभूळ हलवली की शेळ्या धावत येतात त्या शेंगांसाठी. तो चारा पाल्याच्या कुठल्याच समीकरणात सापडायचा नाही.

आणि जाता जाता: अंजन म्हणजे सह्याद्रीतली निळ्या-जांभळ्या फुलांची अंजनी नव्हे. अंजनाचं पान आपट्यासारखं दिसतं, पण आपट्याचं पान एकच, मध्ये चिरलेलं, आणि अंजनाच्या त्या देठाशी जुळलेल्या दोन स्वतंत्र पर्णिका. नमुन्याची डहाळी तोडताना तेवढं बघून घ्या.