लाँगबोर्न मुलींना का मिळत नाही?

जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) ही कादंबरी वाचताना अनेक जण एकाच जागी अडतात. बेनेट यांना पाच मुली, वर्षाला २,००० पौंड देणारी लाँगबोर्नची जमीन, आणि तरी सगळं दूरच्या नात्यातल्या कॉलिन्सकडे जाणार. इंग्लंडच्या कायद्यात मुलींना वारसाच नव्हता, असं मग सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. मृत्युपत्र किंवा दस्त नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडे जाई हे खरं. पण मुलगाच नसेल तर ती सगळ्या मुलींना समान हिश्शाने मिळे. बेनेटच्या मुलींना वगळलं ते घराण्याच्या जुन्या दस्ताने, जमीन पुरुष वारसाकडेच जावी असं बंधन घालणाऱ्या. त्याच कादंबरीत कॉलिन्सची श्रीमंत आश्रयदाती लेडी कॅथरीन म्हणते की तिच्या नवऱ्याच्या घराण्याला असं बंधन गरजेचं वाटलं नाही. म्हणूनच त्यांच्या रोझिंग्ज या इस्टेटीची वारस तिची मुलगी आहे.

या बंधनाला एन्टेल म्हणत. त्याचं मूळ १२८५ च्या कायद्यात असलं तरी पुढे वकिलांनी 'कॉमन रिकव्हरी' नावाचा नाममात्र दावा लावून ते तोडण्याची वाट काढली. सतराव्या शतकाच्या मध्याला, यादवी युद्धाच्या काळात जप्तीची धास्ती असताना, 'स्ट्रिक्ट सेटलमेंट' हा अधिक पक्का दस्त घडला. तो बहुधा लग्नाच्या वेळी होई. नवऱ्याला जमिनीवर फक्त हयातीपुरता हक्क, त्याच्या अजून न जन्मलेल्या थोरल्या मुलाला पुढचा वारसा, आणि मधल्या काळात कुणी गडबड करू नये म्हणून विश्वस्त. त्याच दस्तात विधवेची वार्षिक नेमणूक आणि धाकट्या मुलांच्या रकमा ठरत.

मुलगा २१ वर्षांचा झाला की बाप-लेक मिळून हे बंधन तोडू शकत. बहुतेक घराण्यांत ते तोडून लगेच नव्याने बांधलं जाई. मुलाला तोवर हातखर्चाची रक्कम हवी असे, म्हणून तो सही करी. बेनेट दांपत्याचा सगळा हिशेब याच सहीवर होता. मुलगा होईल, सज्ञान होईल, बंधन तुटेल, या भरवशावर त्यांनी काही शिल्लक टाकली नाही. मुलगा झालाच नाही. लग्नाच्या करारातले ५,००० पौंड तेवढे आई आणि मुलींचे. सरकारी रोख्यांत ४ टक्क्यांनी ते वर्षाला २०० पौंड देतील, म्हणजे बेनेट यांच्या हयातीतल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, आणि तो सहा जणींत. मुलींची लग्नं जुळावीत म्हणून मिसेस बेनेटची होणारी घालमेल हास्यास्पद म्हणून वाचली जाते. हा आकडा समोर ठेवला तर ती तशी राहत नाही.

हयातीपुरता मालक जमीन विकू शकत नसे, भाड्याने मात्र देऊ शके. म्हणून ऑस्टिनच्याच 'पर्सुएशन'मधले कर्जबाजारी सर वॉल्टर आपला वाडा केलिंच हॉल आरमाराच्या ॲडमिरलला भाड्याने देतात. अशा मालकाला विक्रीचा सर्वसाधारण अधिकार मिळाला तो १८८२ च्या कायद्याने.