स्ट्रॅथपेफरचा मुक्काम: निघण्यापूर्वी वाचा

सहलीच्या कार्यक्रमात ‘स्पा व्हिलेज’ असं वाचून बरेच जण पोहण्याचे कपडे भरतात. या गावासाठी त्यांची गरज नाही. स्कॉटलंडच्या हायलंड्समधलं, डिंगवॉलपासून आठेक किलोमीटरवरचं स्ट्रॅथपेफर हे व्हिक्टोरिया राणीच्या काळात नावारूपाला आलेलं गाव आहे, पण तिथे वज्रेश्वरी-गणेशपुरीसारखी गरम कुंडं नाहीत. इथले झरे थंड आणि गंधकाचे. पाणी मुख्यतः प्यायचं असे, आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास! संधिवात, त्वचेचे विकार घेऊन आलेली मंडळी ते पेल्यानं पीत. पीट म्हणजे दलदलीतल्या काळ्या मातीची स्नानंही दिली जात.

डॉ. थॉमस मॉरिसन यांना स्वतःला या पाण्याचा गुण आला आणि त्यांच्या पुढाकारानं 1819 मध्ये इथे पहिली पंप रूम, म्हणजे पाणी पाजण्याची जागा, उभी राहिली. गावाचं खरं भाग्य उजळलं ते मात्र रेल्वेमुळे, आणि तेही उशिरा. 1870 ची पश्चिमेकडे जाणारी रेल्वे गावातूनच जायची होती, पण एका जमीनदारानं हरकत घेतली. त्यामुळे स्टेशन झालं डोंगराच्या कडेला, गावापासून दूर. खास फाटा टाकून गाडी गावात यायला 1885 उजाडलं. 1946 मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, तरी लाकडी स्टेशन जपलेलं आहे. बालपणाचं संग्रहालय तिथेच आहे. आमच्या मते गावातली सर्वांत देखणी इमारत हीच.

1881 चा पॅव्हिलियन पाहुण्यांच्या नाचगाण्यांसाठी बांधला होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी नौदलानं गावात रुग्णालय चालवलं. चौकातली पंप रूम बाहेरून तरी जरूर पाहा.

थोडं चालायची तयारी असेल तर ‘ईगल स्टोन’ चुकवू नका. पिक्टिश लोकांनी, म्हणजे स्कॉटलंडच्या प्राचीन रहिवाशांनी, कोरलेल्या या शिळेवर गरुड आणि घोड्याच्या नालासारखी आकृती आहे. ती तीनदा पडली तर समुद्राचं पाणी इथवर चढेल आणि जहाजं तिला बांधली जातील, असं हायलंड्सच्या लोककथांतल्या ‘ब्रॅहनच्या भविष्यवेत्त्या’चं भाकीत सांगतात. दोनदा पडून झाली म्हणे. आता ती सिमेंटनं पक्की केली आहे. भाकितावर विश्वास नसला तरी धोका कोण पत्करणार?

कधी यावं? मे-जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो. डिसेंबरमध्ये दुपारी साडेतीनच्या सुमारास अंधारतं, म्हणून त्या महिन्यात आम्ही हा मुक्काम घेत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी मिज नावाच्या बारीक माश्या फार चावतात. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मलम जवळ असू द्या. पावसाचं जाकीट बाराही महिने लागतं.

व्हिसा ब्रिटनचाच हवा, युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर इथे प्रवेश मिळत नाही.

जेवणाचं आधीच सांगतो: गाव लहान आहे, रात्री उशिरा काही मिळेल या भरवशावर राहू नका. शाकाहारी मंडळींना डाळीचं सूप आणि ब्रेड आवडतं, पण त्या सुपात कधीकधी डुकराच्या मांसाचं पाणी वापरतात, तेव्हा मागवण्यापूर्वी विचारा. जैन जेवण हवं असल्यास नोंदणी करतानाच कळवा, म्हणजे हॉटेलशी आम्हाला वेळेवर बोलता येईल.