पार्श्वभूमी : माशाचे दृष्टिपटल घडते कसे?

माणसाच्या दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यात, नव्या चेतापेशी तयार होणे जन्माआधीच थांबते. बहुतेक माशांत मात्र शरीराबरोबर डोळाही आयुष्यभर वाढतो आणि दृष्टिपटलाच्या कडेने नवी वर्तुळे जोडली जातात. हे कळायला बराच काळ गेला.

स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी १८९३ मध्ये पृष्ठवंशीयांच्या दृष्टिपटलाचे थर बारकाईने रेखाटले. त्यात मासेही होते. पण मृत ऊती कितीही सुरेख रंगवली, तरी तिच्यातली कोणती पेशी आधी जन्मली हे समजत नाही. त्यासाठी किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएचा एक घटक) हाती यावे लागले. विभाजनाच्या तयारीतली पेशी ते आपल्या डीएनएमध्ये घेते आणि तिच्या जन्माची वेळ नोंदली जाते.

पामेला जॉन्स आणि स्टीफन ईस्टर यांनी १९७७ मध्ये गोल्डफिशचा डोळा असाच तपासला. नव्या पेशी कडेला सापडल्या, इथवर ठीक. पण जुना भाग ताणला जाऊन इतर पेशी विरळ होत असताना मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींची दाटी मात्र तशीच राहत होती. म्हणजे त्या मधल्या भागातही नव्याने भरल्या जात होत्या. माझ्या मते या कथेतला खरा कलाटणीचा क्षण हाच, पण श्रेय सहसा झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या लहानशा पट्टेरी माशाच्या वाट्याला जाते.

अर्थात झेब्राफिशचे काम मोठेच आहे. ओरेगॉनमध्ये जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी तिला आनुवंशिकीत आणले. तिचा भ्रूण पारदर्शक, त्यामुळे डोळा घडताना जिवंतपणी पाहता येतो. फलनानंतर साधारण २८ तासांनी, दृष्टिचेता जिथून बाहेर पडते त्याच्याजवळ पहिल्या गँग्लिऑन पेशी (डोळ्यातला संदेश मेंदूकडे नेणाऱ्या चेतापेशी) उमटतात आणि तिथून ही लाट पटलभर पसरते. ती पुढे सरकवण्यात सॉनिक हेजहॉग या संकेत-प्रथिनाचा हात आहे, असे २००० मध्ये दाखवले गेले. पुढच्याच वर्षी ‘लाक्रिट्झ’ या उत्परिवर्ती माशात गँग्लिऑन पेशीच बनत नाहीत, त्यामागे एटीओएच७ हे जनुक असल्याचे कळले. तीन-साडेतीन दिवसांत पिल्लू हलत्या रेषांमागे डोळे फिरवू लागते.

मधल्या भागात दंडपेशी येतात कुठून, याचा माग पुढे म्युलर पेशींपर्यंत लागला. एरवी आधारपेशी समजल्या जाणाऱ्या या पेशी, डोळ्याला इजा झाल्यावर विभागतात आणि माशाला गमावलेल्या चेतापेशी परत देतात. सस्तनांच्या म्युलर पेशी हे आपणहून करत नाहीत. २०१७ मध्ये प्रौढ उंदरांत एएससीएल१ हे जनुक आणि एका रसायनाच्या जोडीने काही नव्या चेतापेशी बनवता आल्या, तेव्हापासून ही तुलना जोरात सुरू आहे.